डेन्मार्कचा शेतकरी उभ्याउभ्या कापणी कसा करतोय?

पेन्सिलवाला: डॅनिश चित्रकार एल. ए. रिंगचं 'कापणी' नावाचं चित्र बघितलं, १८८५ चं, कोपनहेगनच्या नॅशनल गॅलरीत आहे. माणूस उभाच, कमरेत थोडा वळलाय आणि पीक आडवं करतोय. आमच्याकडे तर उकिडवं बसून विळ्याने कापतात, मग हे काय हत्यार आहे?

बांधावरचा: लांब दांड्याचा मोठा विळा समज रे. दोन्ही हातांनी धरायचा अन् अर्धगोल फिरवायचा, मूठ धरून कापायची भानगडच नाही. पण धार सारखी लावावी लागते, म्हणून तिकडचे गडी पाजवायचा दगड जवळच ठेवायचे.

रंगारी_ताई: आणि तो माणूस म्हणजे चित्रकाराचा सख्खा भाऊ! रिंग स्वतः खेड्यातला, सुताराचा पोरगा, आडनाव पण गावावरूनच घेतलंय. चित्र ६ फुटांहून उंच आहे, एवढा मोठा कॅनव्हास तेव्हा राजेरजवाड्यांना मिळायचा, ह्याने भावाला दिला, मला तर तेच जास्त आवडलं.

पेन्सिलवाला: अरे भारी! मला वाटलं मजूर असेल कोणी. पण मागे पेंढ्या बांधायला कोणीच कसं नाही?

बांधावरचा: बायका बांधायच्या बहुतेक ठिकाणी. इथे एकटाच दाखवलाय, कंबर दुखत असणार बिचाऱ्याची 😄