पोट्ट्यांना शाळेत टोर्नेडो-वादळाचा धडा द्यायचा का? तुमचं मत सांगा

गुरुजी_दर्यापूर
मी झेडपी शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या टोर्नेडोचे व्हिडिओ पाहतात अन् वर्गात विचारतात, सर आपल्या गावात असं आलं तं कुठं पळायचं. माझं म्हणणं, याचं नीट उत्तर शाळेनं द्यावं, "आपल्याकडं येत नाही, बस खाली" म्हणून विषय संपवू नये. तिकडं टोर्नेडोच्या पट्ट्यातल्या शाळेत याचा सरावच घेतात. सगळ्यात खालचा मजला, आतला पॅसेज किंवा बिनखिडकीची खोली, गुडघ्यावर बसून डोकं खाली अन् दोन्ही हात मानेवर. भारतात टोर्नेडो कमी पण येतच नाही असं नाही, 1978 च्या मार्चमध्ये दिल्लीत आला तेव्हा 28 माणसं गेली होती. अन् टोर्नेडो सोडा, आपल्या अवकाळी वावधनाचं, म्हणजे वादळी वाऱ्याचं काय? 9 एप्रिल 2023 ला अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचं मोठं झाड पडलं, 7 जण गेले. पाऊस-वारा सुटला म्हणून लोक आडोशाला त्या शेडमध्ये गेले होते. आडोसा कोणता अन् सापळा कोणता हे पोराला कळलं पाहिजे, म्हणून आनंददायी शनिवारच्या उपक्रमांत एक तास यासाठी ठेवावा असं मला वाटते.

वावरवाला_यवतमाळ
सर राग मानू नका पण टोर्नेडो कायले? आमच्याकडं उन्हाळ्यात वावटळ रोजच उठते, तापल्या मातीतून वर जाते, पालापाचोळा फिरवते अन् जराशानं विरून जाते, आभाळ मोकळंच असते. टोर्नेडो गरजणाऱ्या ढगाच्या पोटातून खाली उतरते, मोठा असला तं ताशी 300 किलोमीटरच्या वर वारा राह्यते त्यात. दोन्हीचा काही संबंध नाही पण माझा पोट्टा ते व्हिडिओ पाहून आता साध्या वावटळीले भिऊन घरात पळते. आपलं खरं मरण इजेनं, म्हंजे वीज पडून येते. देशात दरवर्षी अडीच हजारांवर माणसं इजेनं मरतेत, सरकारी आकडा हाये, अन् त्यात आपल्यासारखे वावरात राबणारेच जास्त. गुरुजींकडं आधीच सर्वे, मतदार यादी, पोषण आहाराच्या नोंदी, फोटो अपलोड, मंग शिकवाले वेळ किती उरते? उरला तेवढा तास इजेवर घाला ना भाऊ.

झाडीपट्टीची_ताई
दादांचं वीजेचं पटलं पण वेळापत्रकाचं कोणीच बोललं नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि सगळ्यात वाईट वादळं येतात एप्रिल-मे मध्ये. आमच्या गोंदियाकडे त्या दिवसांत लेकरं आईसोबत मोहफुलं वेचायला जातात, मे मध्ये तेंदूपत्ता, पुडे बांधून दुपारनंतर फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात त्या केंद्रावर न्यायचे, आणि आभाळ नेमकं तेव्हाच भरून येते. वादळ येते तेव्हा लेकरू शाळेत नसतेच, ते जंगलात झाडाखाली असते. म्हणून जूनमध्ये धडा देऊन उपयोग नाही, मार्चमध्ये परीक्षेच्या आधी द्या आणि लेकराला घरी जाऊन आईला सांगायला लावा. माझ्या पोरीनं शाळेतून येऊन मला सांगितलं की वीज चमकली की मोजायचं, तीन सेकंदाला एक किलोमीटर, तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम सोडून पक्क्या घरात, आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. ती आता मोठमोठ्यानं मोजते आणि आम्ही बाया टोपली तिथंच ठेवून निघतो.

एसएमसी_वाशीम
मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि माझा या सरावालाच विरोध आहे, कारण सांगतो. आमच्या शाळेत दोन खोल्या स्लॅबच्या, बाकी टिनाच्या. एका खोलीच्या निर्लेखनाचा, म्हणजे मोडकळीला आली म्हणून पाडायचा प्रस्ताव कधीचा वर पडून आहे पण वर्ग तिथंच भरतो. भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा, टिनपत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवलेत, आणि पत्रा हलला की तेच दगड खाली येणार. अमेरिकेतलं "आतल्या पॅसेजमध्ये बसा" इथं कुठं लावणार सर? आपल्या शाळेला पॅसेजच नाही, खोलीच्या दारातून थेट व्हरांडा. आणि तिकडं तरी काय, ओक्लाहोमात मूर गावात 20 मे 2013 ला टोर्नेडो शाळेवरच आला, लेकरं आत मान झाकूनच बसली होती तरी एका प्राथमिक शाळेत 7 पोरं गेली. नंतर तिकडं मागणी झाली ती शाळेत मजबूत निवारा खोल्या बांधा म्हणूनच. आधी इमारत पक्की करा, मग पोरांना काय शिकवायचं ते शिकवा, नाहीतर उद्या काही झालं तर म्हणतील सराव घेतला होता, जबाबदारी संपली.

गुरुजी_दर्यापूर
@एसएमसी_वाशीम इमारतीचं शंभर टक्के मान्य, त्यासाठी भांडाच, मी सोबत आहे. पण इमारत होईपर्यंत रोज पोरं त्याच खोलीत बसतात ना. तुमच्याकडं दोन स्लॅबच्या खोल्या आहेत म्हणता, मग ढग काळे दिसले अन् वारा फिरला की टिनाच्या वर्गातली पोरं त्या दोन खोल्यांत न्यायची, खिडकीपासून दूर, बेंचखाली, डोक्यावर दप्तर. याला निधी लागत नाही, कोणी कोणाला घेऊन जायचं एवढं ठरलेलं असावं लागते. अन् वारा सुटल्यावर पोरांना घरी सोडून द्यायचं ही जी आपली सवय आहे ती आधी बंद करा, पोरं रस्त्यात झाडाखाली थांबतात.

परतवाड्याचा_पोट्टा
एवढा घोळ कायले, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप हाये, आजूबाजूले इज पडाची शक्यता असली की मोबाईल सांगते. सगळ्या पालकांले टाकाले लावा, काम खतम.

वावरवाला_यवतमाळ
ॲप चांगलं हाये, माझ्याही मोबाईलमधी हाये. पण आमच्या धुऱ्यावर रेंज येत नाही अन् बाईमाणसाजवळ, पोट्ट्याजवळ मोबाईल राह्यतच नाही. ताईच्या पोरीसारखं मोजणं बिनबॅटरीचं हाये.

आजोबा_सेलू
माझं वय झालं, पावसाळे भरपूर पाहिले. लेकरांना इतकं घाबरवू नये असं मला मनापासून वाटते. आमच्या वेळी गारा आल्या की आजी अंगणात विळा टाकायची, देवाचं नाव घ्यायचे, सगळं निभावलं. आता लेकरू ढग पाहून रडते.

आरोग्यसेविका_चंद्रपूर
आजोबा, तुमचं वय आणि अनुभव मोठा आहे पण भीती तर गावात आधीपासूनच आहे, फक्त चुकीच्या गोष्टीची. आमच्या गावात एक पोरगी पायाळू जन्मली म्हणून वीज चमकली की बाकीची पोरं तिला जवळ उभं राहू देत नाहीत, ढकलून बाहेर काढतात, तिच्यावर वीज पडते म्हणून. नऊ वर्षांचं लेकरू पावसात एकटं उभं! पायाळू असण्याचा वीजेशी काहीही संबंध नाही, उंच झाड, मोकळं रान, पाणी याचा आहे. वीज झाडावर पडते तेव्हा जमिनीतूनही करंट पसरतो, म्हणून झाडाखाली उभी माणसं आणि ढोरं एका वेळी दगावतात. म्हणून जमिनीवर आडवं पडायचं नाही, घोळक्यानं उभं राहायचं नाही, एसटीच्या आत बसलेलं चालते पण ट्रॅक्टरवर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यावर वीज पडली त्याच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. लोक "हात नको लावू" म्हणून लांब उभे राहतात, आणि नेमक्या त्या वेळात, श्वास थांबला असेल तर छाती दाबून माणूस वाचू शकतो. गोवऱ्यांच्या ढिगात ठेवतात, शेणात पुरतात, ते नका करू, 108 ला फोन करा आणि छाती दाबणं चालू ठेवा. हे सातवीच्या पोराला शिकवता येते, मी शिकवलं आहे, उशीवर सराव घेतला.

आजोबा_सेलू
पायाळूचं आमच्या घरातही मानत होते. शिकवा मॅडम, पण त्या मोबाईलवरच्या उडणाऱ्या घरांचे व्हिडिओ वर्गात लावू नका, एवढं माझं ऐका.

वावरवाला_यवतमाळ
बाबांचं बरोबर. टोर्नेडो भूगोलाच्या तासाले सांगा, कुठं येते, कसा येते, पोट्टे आवडीनं ऐकतील. सराव मातर इजेचा, झाडाचा अन् टिनाचाच घ्या. यावर मी मागं हटणार नाही.

गुरुजी_दर्यापूर
भाऊ, डोकं-मान झाकून खिडकीपासून दूर बसणं हे टोर्नेडोलाही तेच अन् आपल्या वावधनालाही तेच. वेगवेगळं शिकवायची गरजच नाही. पोरांनी टोर्नेडोचं विचारलं म्हणून तिथून सुरुवात करू द्या, ऐकतात तरी.

झाडीपट्टीची_ताई
तारीख ठरवा आधी. मार्चचा दुसरा शनिवार धरा, नाहीतर परीक्षेच्या गडबडीत राहून जाईल. आणि आयांना पण बोलवा.

एसएमसी_वाशीम
पुढच्या सभेत दोन ठराव मांडतो. एक, टिनावरचे दगड खाली काढून पत्रे हूक-बोल्टनं आवळायचे, हा खर्च गावातून होईल. दोन, वारा सुटला की दोन्ही टिनाच्या वर्गांची पोरं कोणत्या स्लॅबच्या खोलीत जाणार ते दारावर लिहून ठेवायचं. निर्लेखनाच्या खोलीत मात्र सराव काय, वर्गसुद्धा भरू देणार नाही, मग पोरं व्हरांड्यात बसली तरी चालतील.

आरोग्यसेविका_चंद्रपूर
व्हरांडा वीजेच्या वेळी सुरक्षित नाही भाऊ. दोन वर्ग एकत्र बसवा, पण आत बसवा.