लहान .४४: पाचव्या बाराला सिलिंडर अडकतो आणि गोळी वर लागते

सायली

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत होतं, शेवटी .४४ स्पेशल काडतुसाचं लहान रिव्हॉल्व्हर घेतलंच. पाच काडतुसांचं, अडीच इंची नळीचं, रिकामं असताना वजन ६०० ग्रॅमच्या आसपास. परवाना, कुलपाची पेटी सगळं रीतसर आहे. आजवरचा माझा सराव पूर्ण आकाराच्या .३८ वर झालाय. रिव्हॉल्व्हर हातात पहिल्यांदा धरलंय असं नाही, पण हे प्रकरण वेगळंच निघालं.

सात मीटरवर लक्ष्यातल्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावर माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) ठेवून बार काढला की भोक चार बोटं वर पडतं. डावी-उजवीकडे काही तक्रार नाही, नेमकं वर. मूठ लाकडी आणि बारीक आहे. प्रत्येक बाराला चापाच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या पेरावर आपटते, दुसऱ्या दिवशी पेर सुजलेलं असतं.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. चार बार नीट होतात आणि पाचव्याला सिलिंडर अर्ध्यात अडकतो. चाप ओढला जात नाही. मी जोर न लावता नळी लक्ष्याकडेच धरून ठेवली आणि हात वर केला. रेंजवरच्या प्रशिक्षकांनी येऊन सिलिंडर बाजूला काढला, काडतूस वेगळं ठेवलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच, पुन्हा पाचव्यालाच. काडतुसं कारखान्यातली आहेत, नव्या डब्यातली, २४६ ग्रेनची (सुमारे १६ ग्रॅम) शिशाची गोळी. घरी भरलेली नाहीत.

हत्यारात दोष आहे का? परत करू का?

नितीन द.

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. लहान हत्याराला लहान काडतूस. ज्या हत्यारानं बोट सुजतं त्याचा सराव होत नाही, आणि सराव नसेल तर ते पेटीतच पडून राहतं. तुमचा हात .३८ ला बसलेला आहे. त्याच आकाराचं .३८ घ्या. झटका कमी आणि काडतुसं कुठेही मिळतात. मी स्वतः .३५७ वरून .३८ वर उतरलो आणि माझी नेमबाजी त्यानंतरच सुधारली.

मृणाल

सायली, परत करू नकोस. निदान इतक्यात नाही. तुझं उत्तर तू स्वतःच लिहिलंयस: चार नीट, पाचवं अडकतं. हत्यारातला दोष असा मोजून शेवटच्या काडतुसालाच येत नाही.

पाचव्या काडतुसानं आधीच्या चारही बारांचे झटके सोसलेले असतात. बार उडाला की हत्यार एकदम मागे येतं. सिलिंडरनं कडेला धरलेली पुंगळीही (काडतुसाचं धातूचं नळकांडं) त्याच्यासोबत मागे ओढली जाते, पण पुंगळीतली जड गोळी जागच्या जागी राहू पाहते. टेबलावरची चादर हिसकली की वरचा पेला जिथल्या तिथे राहतो, तसं. प्रत्येक झटक्याला गोळी पुंगळीतून केसभर पुढे सरकते. चार झटक्यांनंतर तिचं टोक सिलिंडरच्या तोंडाबाहेर येतं आणि सिलिंडर फिरताना ते नळीच्या मागच्या कडेवर अडतं. तुझा चाप तिथेच घट्ट होतो. पूर्ण आकाराच्या .३८ मध्ये हे तुला कधी दिसलं नसणार. हत्यार जड, गोळी हलकी, त्यामुळे झटका इतका तीक्ष्ण नसतो.

माझ्या अंदाजावर विसंबू नकोस, मोजून बघ. व्हर्नियर घे. एका काडतुसाची बुडापासून टोकापर्यंतची लांबी मोज, बुडावर मार्करनं खूण कर आणि सिलिंडरच्या शेवटी उडेल अशा घरात (काडतूस बसतं त्या भोकात) ते ठेव. चार बार काढ, पाचवं न उडवता बाहेर घे आणि पुन्हा मोज. लांबी वाढली असेल तर कारण सापडलं. खूण केलेलं काडतूस पुन्हा वापरू नकोस आणि गोळी बोटानं आत ढकलू नकोस. पकड सुटलेली गोळी आत किती जाईल याचा नेम नाही, आणि ती खोल गेली की आतला दाब वाढतो.

उपाय काडतुसात आहे. साधारण २०० ग्रेनची, तांब्याचं कवच असलेली गोळी बघ, जिच्या अंगावर खाच असते आणि पुंगळीची कड त्या खाचेत नीट वळवून दाबलेली असते. डबा घेण्याआधी एक काडतूस उजेडात धरून ती कड बघायची. सरळ उभी असेल तर घेऊ नकोस. आणि नव्या प्रकारचं प्रत्येक काडतूस आधी याच मापातून काढायचं. मी माझ्या .४४ मध्ये न मोजलेलं काहीही भरत नाही.

वर लागण्याचं कारणही बरंचसं तेच आहे. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच हत्याराचं तोंड उचलायला लागतं. म्हणून तर आखूड रिव्हॉल्व्हरची माशी इतकी उंच असते: माशी आणि मागची खाच तू एका रेषेत आणतेस तेव्हा नळी खरं तर किंचित खाली बघत असते, आणि झटका ती वर आणतो. कारखान्यात हे गणित एका ठरावीक गोळीसाठी बसवलेलं असतं. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात तोंड जास्त वर जातं, भोक वर पडतं. हलकी, वेगवान गोळी लवकर सुटते, म्हणून खाली लागते. लोकांना हे उलटं वाटतं, पण तू दोन्ही एकाच कागदावर उडवून बघ, डोळ्यांना दिसेल.

पकड ढिली असली तरीही वरच लागतं. हात शक्य तितका वर सरकव, मुठीच्या मागच्या बाकावर तळहात आणि हत्यार यांच्यात फट राहता कामा नये. दुसऱ्या हाताचा अंगठा मात्र पुढे सिलिंडरकडे नेऊ नकोस. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी फट असते, आणि प्रत्येक बाराला तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फेकले जातात. पिस्तूल चालवणाऱ्यांना अंगठे पुढे ठेवायची सवय असते. रिव्हॉल्व्हरवर ती सवय मोडायलाच हवी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांची बोटं मी पहिल्या बाराआधी स्वतः जागेवर बसवते.

बोटाचं दुखणं मुठीमुळे. कड्याच्या मागे, बोट जिथे येतं तिथली पोकळी भरून काढणारी आणि मागचा बाकही झाकणारी रबरी मूठ लाव. खिशात थोडी जाड वाटेल, चालेल.

नितीन, तुमचं सरावाबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण .४४ स्पेशल हे मुळात सौम्य काडतूस आहे. आतल्या दाबाची कमाल मर्यादा १५,५०० पीएसआय (दाबाचं माप), त्याच्या जोरदार भावंडाची, म्हणजे .४४ मॅग्नमची, ३६,०००. सायलीला त्रास देतोय तो ६०० ग्रॅमचा आकडा. गोळी तीच, वेग तोच, आणि हत्याराचं वजन निम्मं केलं तर झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. तेव्हा ऊर्जा कमी करायची ती काडतूस निवडून. हत्यार बदलणं नंतरची गोष्ट.

कानस

मृणालताईंना +१. दुरुस्तीच्या टेबलावरून थोडी भर घालतो, कारण सिलिंडर अडकण्याची बाकीची कारणंही माहीत असलेली बरी.

पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या, सिलिंडरच्या मागच्या तारकेखाली न जळालेल्या दारूचे कण जाऊन बसले की तारका पूर्ण खाली बसत नाही, काडतुसांची बुडं मागे घासतात आणि चाप जड होतो. हा त्रास कुठल्याही घराला होतो, पाचव्यालाच नाही. यावर पुंगळ्या काढण्याची पद्धत सुधारायची: नळी सरळ आभाळाकडे, मग तारकेला जोडलेली पुढची दांडी तळहातानं एकाच जोरकस फटक्यात दाबायची. कण पुंगळ्यांबरोबर खाली पडतात. नळी आडवी ठेवून हळूहळू दाबलं की ते तारकेखाली शिरतात. आखूड नळीच्या हत्यारात दांडीही आखूड असते, पुंगळी पूर्ण बाहेर ढकलली जात नाही, म्हणून फटका आणखी महत्त्वाचा. भरताना मात्र नळी जमिनीकडे. घरी गेल्यावर तारकेखाली जुना टूथब्रश फिरवा.

दांडी आट्यांवर सैल झाली तर तीही सिलिंडर अडवते. रिकामं हत्यार हातात घेऊन बोटानं पिळून बघा, हलता कामा नये.

आणि हात जोडून विनंती, गोळी वर लागते म्हणून माशी घासू नका. माशी बुटकी झाली की ती खाचेत आणायला नळी आणखी वर करावी लागते, गोळी आणखी वर जाते. अशी घासलेली हत्यारं माझ्याकडे येतात, आणि घासलेलं पोलाद परत चढवता येत नाही.

सायलीताई, दोन वेळा अडकल्यावरही तुम्ही जोर लावला नाहीत, हे फार चांगलं केलंत. एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. बाराचा आवाज फुसका आला, झटका जाणवलाच नाही, तर पुढचा चाप ओढायचा नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. थांबा, नळी सुरक्षित दिशेला धरून ठेवा, मग हत्यार रिकामं करून नळी तपासा.

नितीन द.

दाबाचे आकडे माहीत नव्हते, धन्यवाद. मला वाटायचं .४४ म्हणजे सगळं एकच. मग एक शंका: मॅग्नमचं काडतूस चुकून यात गेलं तर?

कानस

जात नाही. .४४ मॅग्नमची पुंगळी सुमारे ३.२ मिलिमीटर लांब ठेवली आहे ती त्याचसाठी. स्पेशलच्या घरात ती पूर्ण बसत नाही, सिलिंडर बंद होत नाही. उलटं चालतं, मॅग्नमच्या हत्यारात स्पेशल उडवता येतं. फक्त त्यानंतर सिलिंडरची घरं नीट घासून काढावी लागतात, कारण आखूड पुंगळीच्या तोंडापाशी काजळीचं कडं तयार होतं आणि मग मॅग्नमची पुंगळी शिरताना अडते.

स्पेशल जुनं काडतूस, १९०७ चं, त्याहून जुन्या .४४ रशियनची पुंगळी लांबवून केलेलं. मॅग्नम १९५५ चं. मोठ्या तोंडाचं आणि आखूड नळीचं हत्यार ही कल्पना तर त्याहूनही जुनी. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं ब्रिटिश बुलडॉग १८७२ मध्ये आलं, तेही पाच काडतुसांचं आणि अडीच इंची नळीचं. चार्टर आर्म्सनं १९७३ मध्ये .४४ स्पेशलचं बुलडॉग काढलं ते त्याच वाटेवर. पाचच घरं ठेवायची म्हणजे सिलिंडर बारीक राहतो आणि हत्यार कमरेला बोजड होत नाही, इतका सरळ विचार. मला तो अजूनही पटतो.

सायली

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजून आले.

जुन्या डब्यातलं खूण केलेलं काडतूस चार बारांनंतर दीड मिलिमीटरनं लांब झालेलं निघालं. नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतं: पुंगळीच्या तोंडापुढे शिशाचा एक नवा, चकचकीत पट्टा, बाकीची गोळी मळकट. मग २०० ग्रेनची कवचवाली आणली, कड उजेडात बघून. तिचं पाचवं काडतूस चार बारांनंतरही तेवढंच भरलं. मग पाचवं म्हणून ताजं भरलं आणि सगळे बार सलग काढले, सिलिंडर कुठेच अडला नाही.

भोकं खाली आलीत. अजून बोटभर वर आहेत, पण एकमेकांच्या जवळ पडतायत. पकड वर सरकवल्याचा फरक तर पहिल्याच बाराला कळला. आधी हत्यार हातात फिरायचं, आता हातासकट वर जातं आणि तसंच परत खाली येतं.

रबरी मुठीनं बोट वाचलं, पण नवीन अडचण आली. पुंगळ्या काढताना डावीकडची एक मुठीच्या वरच्या टोकाला अडकून राहते, कितीही जोरात फटका मारला तरी. नखानं ओढून काढावी लागते. आणि जुन्या डब्यातली बरीच काडतुसं शिल्लक आहेत, त्यांचं काय करू?

कानस

मुठीच्या डाव्या पाखाचा वरचा कोपरा कापायचा. मूठ हत्यारावरून काढून घ्या. त्याआधी सिलिंडर उघडून, रिकामी पुंगळी घालून, ती कुठे टेकते तिथे खडूनं खूण करा. तेवढाच भाग, नखाएवढा, धारदार सुरीनं उतरता कापा आणि पॉलिश पेपरनं गोल करा. थोडं कापा, लावून बघा, मग पुढे. उजव्या पाखाला हात लावायचा नाही.

मृणाल

दीड मिलिमीटर म्हणजे चांगलीच सरकली होती. बरं झालं मोजलंस.

जुना डबा टाकून देऊ नकोस. एका वेळी दोनच भर, बाकीची घरं रिकामी ठेव. दुसऱ्या काडतुसाला एकच झटका सोसावा लागतो, तेवढ्यानं ते अडण्याइतकं सरकू नये. पण आधी एकदा हेही मोजून घे. दोन्ही काडतुसं जिवंत आहेत हे धरूनच वागायचं, आणि उघडल्यावर पुंगळ्या मोजायच्या. लांब झालेलं ते खुणेचं काडतूस मात्र रेंजवरच्या बाद काडतुसांच्या डब्यात टाक, घरी ठेवू नकोस.

उरलेल्या बोटभर फरकासाठी अजून काडतूस बदलू नकोस. घरी रिकामं हत्यार आणि सरावाची खोटी काडतुसं घे. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. माशीवर एक नाणं ठेवून घोडा न चढवता पूर्ण चाप ओढ. नाणं पडेनासं झालं की मग कागदावर बघ भोक कुठे पडतं. आणि आखूड नळीचा आवाज फार कडक असतो, कानात बोळे घालून वरून मफ्सही लाव, एकावर भागवू नकोस.

पुढच्या वेळी कागदाचा फोटो टाक. नुसतं वर आहे की किंचित डावीकडेही, ते मला बघायचंय.