मदत हवी आहे: जुन्या, स्वस्त संगणकांवर सीटी शिकवायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी रेडिओलॉजी शिकवते. वर्गासाठी ४ जीबी रॅमचे वापरलेले संगणक आणि साधे मॉनिटर मिळाले आहेत. इंटरनेटचा भरवसा नाही, पण संगणक केबलने एकमेकांना जोडता येतील.

सध्या सीटी जेपीईजी करून स्लाइडवर दाखवतात. त्यात शिकण्याचा गाभाच हरवतो असं माझं ठाम मत आहे. सीटीतल्या प्रत्येक बिंदूला हाउन्सफील्ड मूल्य, म्हणजे तिथला भाग क्ष-किरण किती अडवतो याचा आकडा, असतं (पाणी ०, हवा -१०००). जेपीईजीत करड्या रंगाच्या २५६ छटा उरतात आणि विंडो, म्हणजे यातली कोणती मूल्यं काळ्या-पांढऱ्या छटांत पसरून दाखवायची तो पट्टा, कायमची ठरून जाते. फुफ्फुसाच्या विंडोत (रुंदी १५००, मध्य -६००) दिसणारी बारीक गाठ मऊ ऊतींच्या विंडोत (४००, ४०) दिसेनाशी होऊ शकते. शिवाय एकाच कापात (शरीराच्या एका पातळ थराच्या चित्रात) आडवी कापलेली रक्तवाहिनी आणि गाठ, दोन्ही गोल ठिपकेच! काप वर-खाली सरकवले की रक्तवाहिनी पुढे चालू राहते, गाठ संपते. हे विद्यार्थ्यांनी स्वतः माउस फिरवून पाहायला हवं.

५१२ × ५१२ बिंदूंचा एक काप साधारण अर्धा एमबी, म्हणजे ३०० कापांचा स्कॅन १५० एमबी. एवढं या संगणकांना झेपावं.

मग एका संगणकावर ऑर्थँक (वैद्यकीय चित्रं साठवून इतरांना पुरवणारा सर्व्हर) ठेवून बाकीच्यांवर ब्राउझरमध्ये पाहावं, की प्रत्येकावर वेगळा व्ह्यूअर (चित्रं पाहण्याचा प्रोग्रॅम) टाकावा? आणि एक्स-रेवर न्यूमोथोरॅक्सची (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठण्याची) बारीक रेघ साध्या मॉनिटरवर शिकवणं योग्य आहे का? रुग्णांची नावं काढण्याबद्दलही सांगा.

प्रतिसाद

ऑर्थँकच घ्या. मोफत आहे, हलका आहे, अगदी रास्पबेरी पायवरही चालतो. केसेस एकाच जागी राहतात, नवीन केस एकदाच चढवावी लागते. त्रिमितीय पुनर्रचना मात्र या संगणकांवर करू नका, अडकतील.

मॉनिटर निदानासाठी नको, शिकवायला चालेल. आधी एसएमपीटीई हे मॉनिटर तपासण्याचं ठरलेलं चाचणी-चित्र लावा. काळ्या चौकोनातला ५ टक्क्यांचा आणि पांढऱ्यातला ९५ टक्क्यांचा चौकोन वेगळा दिसला पाहिजे. नाही दिसला तर ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट जुळवा, खोलीतले दिवे मंद करा. न्यूमोथोरॅक्ससाठी एक्स-रे पूर्ण रिझोल्यूशनमध्ये, झूम करून दाखवा.

नावांच्या बाबतीत डायकॉम हेडर (वैद्यकीय चित्राच्या फाइलमधला रुग्णाच्या माहितीचा भाग) पुसून थांबू नका. सोनोग्राफीत नाव बहुधा चित्रावरच छापलेलं असतं, ती पट्टी झाकावीच लागते. डोक्याच्या सीटीतून चेहराही उभा करता येतो, म्हणून त्या फाइल्स वर्गाबाहेर जाऊ देऊ नका.