गुलमर्गसाठी हिमस्खलन बीकन कोणता घ्यावा? (मर्यादा २५,००० रुपये)

उतारपांथस्थ: आम्ही तिघे मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला जात आहोत. दोन हिवाळे कोंगडोरीच्या उतारांवर स्की शिकलो. यंदा गोंडोला रोपवेच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटवर, म्हणजे सुमारे ३९८० मीटरवर जाऊन हद्दीच्या दोरीपलीकडच्या ताज्या बर्फातून उतरायचे आहे. माझ्यापुरते बीकन (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे २५,००० रुपयांत बसवायचे आहे. कृपया सुचवावे.

हिमांकाखाली: बीकनच्या आधी एअरबॅग, म्हणजे हिमस्खलनात फुगणारी पाठपिशवी, घ्या. वाहत्या बर्फात मोठी वस्तू वर राहते, हे त्यामागचे तत्त्व आहे. माझी पहिली सिलिंडरची होती आणि विमानतळावरच्या तपासणीत तिने माझे दोन तास खाल्ले, म्हणून आता विजेवर फुगणारी घेतली आहे. लाखाच्या वर गेली, परंतु जिवापुढे पैशाचा विचार करू नये.

सह्यवाट: मी उत्तराखंडातला केदारकंठा ट्रेक दोनदा हिवाळ्यात केला आहे आणि आमच्या गटात एकाकडेही असले यंत्र नव्हते. स्थानिक माणूस बरोबर असला की पुरे.

चिल्लेकलान: केदारकंठ्याची मळलेली वाट आणि अफरवटचा उघडा उतार यांची तुलना करू नये. स्लॅब, म्हणजे बर्फाचा एकसंध थर, बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतो, आणि स्कीपटूला नेमका तोच उतार आवडतो. काश्मीरमध्ये थंडीच्या सुरुवातीला बर्फ पातळ असेल, तर त्याच्या तळाशी साखरेसारखे सुटे कण तयार होतात. पुढे त्यांच्यावर जड थर बसला, की एका माणसाच्या वजनानेही तो निसटू शकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हापतखुडला दोन पोलिश स्कीपटू दगावले, ते याच डोंगरावर. गोंडोलाखालच्या मुख्य उतारावरचा बर्फ गस्तीपथक स्फोटांनी आधीच पाडते; दोरीपलीकडे तशी सोय नसते. डीजीआरई या सरकारी संस्थेचे हिमस्खलनाचे धोकापत्रक रोज वाचा, पण ते बारामुल्ला जिल्ह्यासाठी असते, तुमच्या उतारासाठी नव्हे, हे ध्यानात ठेवा.

आता मूळ प्रश्न. तुम्ही गाडले गेलात, तर तुमचा बीकन तुम्हाला नव्हे, तुमच्या मित्रांना उपयोगी पडतो, आणि तोही त्यांच्याकडे बीकन असेल तरच. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेला माणूस बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. म्हणून तिघांसाठी तीन अँटेनांचे बीकन तिथल्या स्की-दुकानातून भाड्याने घ्या, उरलेल्या पैशांत गाइड ठरवा आणि पहिला दिवस केवळ पुरलेला बीकन शोधण्याच्या सरावात घालवा.

जुनाबूट: बॅटरीविषयी कोणीच बोलत नाही. मी काटकसर म्हणून रिचार्जेबल सेल घातले. पडद्यावर भरपूर चार्ज दिसत असताना यंत्र दुपारी बंद पडले. अल्कलाइनच वापरा, आणि शोधताना मोबाइल बीकनपासून किमान अर्धा मीटर दूर ठेवा.

हिमांकाखाली: माझ्या बीकनला लिथियम चालतात.

जुनाबूट: तुमच्या बीकनला चालत असतील. सगळ्या बीकनना चालत नाहीत.

कोथरूडचा_स्कीपटू: वर कोणी स्पष्ट लिहिले नाही म्हणून सांगतो: तिघांकडेही बीकन हवा. फावडे प्लास्टिकचे घेऊ नका. घसरून थांबलेला बर्फ दगडासारखा घट्ट होतो.

उतारपांथस्थ: सर्वांचे मनःपूर्वक आभार. मित्र भाड्याचा आणि गाइडचा खर्च करायला तयार नाहीत, आणि मी एकट्याने बीकन घेऊन उपयोग नाही, हे पटले. त्यामुळे सवलत संपण्यापूर्वी काल २२,००० रुपयांचे जॅकेट घेतले. त्यात बचावाचा रिफ्लेक्टर शिवलेला आहे.

चिल्लेकलान: तो रिफ्लेक्टर शोधायला बचावपथकाकडचे वेगळे यंत्र लागते, आणि ते पथक तुमच्यापर्यंत पोहोचेस्तोवर ती पंधरा मिनिटे सरलेली असतात. जॅकेट अवश्य घाला, पण दोरीच्या आतच राहा.

उतारपांथस्थ: ते वर गेल्यावर, बर्फ पाहून ठरवू.