मटक्याच्या पत्तीचा रास्त दर किती असायला हवा?

प्रश्न
माझे वडील गिरणीत होते आणि अधूनमधून मटक्याच्या जुगारात आकडा लावत असत. त्यांच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले दर सापडले: एका रुपयाला ओपनच्या आकड्यावर ९, जोडीवर ९०, सिंगल पत्तीवर १४०, डबलवर २८० आणि ट्रिपलवर ६००. पत्ती म्हणजे ० ते ९ यांतले तीन अंक, कोणता आधी निघाला हे न पाहता ठरावीक क्रमाने लावलेले. त्यांच्या बेरजेचा एककाचा अंक म्हणजे आकडा; ओपन ही दिवसाची पहिली सोडत, क्लोज ही दुसरी, आणि दोन्हींचे आकडे मिळून जोडी. अशा पत्त्या २२० होतात: १२० सिंगल (तिन्ही अंक वेगळे), ९० डबल (दोन सारखे), १० ट्रिपल (तिन्ही सारखे). प्रत्येकीची संभाव्यता १/२२० धरली, तर रास्त दर २२० येतो आणि डबल-ट्रिपल लावणाराच फायद्यात राहतो. तसे असते तर बुकी केव्हाच बुडाले असते. माझे कुठे चुकते?

प्रतिसाद १
पत्त्या २२० आहेत, पण त्या समसंभाव्य नाहीत. मटक्यातून चिठ्ठी काढून, ती परत टाकून पुढची काढली, तर तीन अंक १००० प्रकारे निघू शकतात. त्यांपैकी १-२-८ ही पत्ती सहा प्रकारे येते, १-१-८ तीन प्रकारे आणि ७-७-७ एकाच प्रकारे. लावलेल्या रुपयामागे सरासरी रुपयाच परत येईल तो दर रास्त, म्हणून तो अनुक्रमे सुमारे १६७, ३३३ आणि १००० असायला हवा. वहीतल्या दरांनी सिंगल आणि डबलवर रुपयामागे ८४ पैसे परत येतात, ट्रिपलवर ६०, तर आकडा आणि जोडीवर ९०. गंमत म्हणजे २८० हे १४०च्या बरोबर दुप्पट आहेत, तेव्हा दर ठरवणाऱ्याला सहा आणि तीनचा हिशेब ठाऊक असावा. त्याच हिशेबाने ट्रिपलला ८४० द्यायला हवे होते, तिथे मात्र त्याने हात आखडता घेतला.

प्रतिसाद २
वरील हिशेब चिठ्ठी परत टाकली तरच लागू पडतो. पत्त्यांच्या एकाच कॅटमधून चित्रे वगळून, दश्शीला शून्य मानून, ४० पानांतून तीन पाने एकदम काढली तर ९८८० जुळण्या होतात. त्यांत एकेका सिंगल पत्तीच्या वाट्याला ६४ येतात, डबलच्या २४ आणि ट्रिपलच्या अवघ्या ४. मग रास्त दर साधारण १५४, ४१२ आणि २४७० होतात. सिंगलवर ९१ पैसे परत येतात, डबलवर ६८ आणि ट्रिपलवर जेमतेम २४.

प्रश्नकर्ता
मग कॅटच्या बाबतीत आकड्यावरचे ९० पैसेही बदलतील का?

प्रतिसाद १
नाही. आकडा म्हणजे तीन अंकांच्या बेरजेचा एककाचा अंक. तिन्ही अंक एकेकाने पुढे सरकवले (९ नंतर पुन्हा ०) की आकडा तीनने पुढे सरकतो, आणि असे दहा वेळा केले की दहाही आकडे एकेकदा येऊन जातात. म्हणून कोणत्याच आकड्याला झुकते माप मिळत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला १२ सिंगल, ९ डबल आणि १ ट्रिपल पत्ती येते. कॅटमध्ये मोजून पाहा: ७६८, २१६ आणि ४ मिळून ९८८, म्हणजे ९८८०चा बरोबर दहावा भाग.