स्लॅबवर लीड करताना पायांवर भरवसा कसा बसवायचा?

उद्यमबागचा फिटर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये फिटर आहे. राजहंसगड, वल्लभगड, कलानिधीगड अशी भटकंती बरीच वर्षं चालू आहे, दोन वर्षांपासून दोरावर चढतोय. जानेवारीत रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडून बेंगळुरू गाठलं आणि तिथून सावनदुर्गच्या ग्रॅनाइटच्या डोंगरावर गेलो. तीन पिच, म्हणजे दोराच्या लांबीत बसणारे टप्पे, सेकंड म्हणून, पुढच्याच्या मागून चढलो. वरून दोर होता तोवर भीती अशी वाटलीच नाही. चौथ्या पिचला जोडीदार म्हणाला, आता तू लीड कर, म्हणजे दोर घेऊन पुढं चढ. बिलेवरून, म्हणजे जोडीदार दोर सांभाळत उभा होता त्या जागेवरून, निघून सात-आठ मीटर गेलो असेन. भेग नाही, खाच नाही, समोर नुसता उताराचा कातळ, म्हणजे स्लॅब. पोटऱ्या लटलटायला लागल्या. कसाबसा उलटा उतरून परत बिलेवर आलो. तेव्हापासून झोपेतही तो कातळ दिसतो.

आपल्या सह्याद्रीत हाताला काहीतरी लागतंच. इथं पायावर भरवसा कसा ठेवायचा? एवढं अंतर मोकळं असताना पडलो तर नेमकं काय होतं? आमच्याकडं 60 मीटरचा एकच दोर आहे, तेवढा पुरतो का? कुणीतरी नीट सांगा की.

निपाणीची अक्का

दादा, आधी एक सांगते. तुम्ही परत उतरून आलात ते फार चांगलं केलंत. स्लॅबवर उलटं उतरता येणं हे निम्मं लीडिंग आहे, आणि ते तुम्हाला जमलंय.

आता पायाचं. भीती वाटली की माणूस कातळाला छाती लावतो. मीही तेच केलं होतं. पहिल्याच लीडला हात वर ताणून, पोट टेकवून उभी राहिले आणि दोन्ही पाय एकदम सुटले. पाच-सहा मीटर घसरत गेले. दोरानं धरलं, पण दोन्ही तळव्यांची साल गेली, पुढं पंधरा दिवस भाकरी थापता आली नाही. चूक कुठं झाली ते जोडीदारानं खाली आल्यावर दाखवलं. अंग कातळाकडं झुकलं की वजन बुटावर सरळ उतरत नाही, पाय बाहेर ढकलला जातो. कंबर बाहेर ठेवायची आणि जमिनीवर उभं राहावं तसं ताठ राहायचं, म्हणजे वजन रबरावर दाबून बसतं आणि रबर धरतं. टाच खाली सोडा. टाच उचलली की रबर कमी टेकतं आणि पोटरी थकते. तुमच्या पोटऱ्या बहुतेक त्यामुळंच लटलटल्या. पावलं छोटी, वीतभराची घ्या. हात छातीच्या खालीच, नुसते तोल सांभाळायला. आणि डोळे पायाकडं. वर बघून चढणारा माणूस मोहरीएवढा दाणाही चुकवतो, आणि स्लॅबवर त्या दाण्यावरच उभं राहायचं असतं.

दुसरं, पडण्याचा हिशोब. शेवटचा नट (भेगेत अडकवून त्यात दोर ओवायची धातूची पाचर) पायाखाली 6 मीटरवर असेल तर पडणं 12 मीटरचं, शिवाय दोर ताणतो ते वेगळं. पण मला त्याहून काळजी वाटते ती बिलेवरून निघाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार मीटरची. समजा 3 मीटर वर गेलात, मध्ये काहीच लावलेलं नाही आणि पडलात. पडणं 6 मीटर, दोर फक्त 3 मीटर सुटलेला. म्हणजे फॉल फॅक्टर (पडणं भागिले सुटलेला दोर) 2, याच्यावर जातच नाही. तो सगळा झटका थेट अँकरवर (बिलेच्या जागी कातळाला बांधलेल्या आधारावर) आणि बिले देणाऱ्यावर येतो. तेच 20 मीटर दोर सुटलेला असताना 6 मीटर पडलात तर फॅक्टर 0.3, दोर ताणून झटका खाऊन टाकतो. म्हणून पिच कितीही सोपा दिसू दे, बिले सोडल्यावर मिळेल त्या पहिल्या भेगेत नट नाहीतर फ्रेंड (भेगेत पसरून घट्ट बसणारं स्प्रिंगचं साधन) लावायचाच. यात तडजोड करू नका, कळकळीनं सांगते.

भेग कसली आहे ते मात्र बघा. ग्रॅनाइटचे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटतात. अशा पापुद्र्यामागं फ्रेंड लावला तर वजन येताच तो पसरून पापुद्राच उचकटतो. तुम्ही फिटर आहात, ग्राइंडिंगचं नवं चाक चढवण्याआधी टकटक वाजवून बघता ना? तसंच मुठीनं वाजवा. फरक एवढाच, की चाक खणखणलं तर चांगलं आणि कातळ घुमला तर वाईट. ढोलासारखा आवाज आला की तिथं काही लावू नका, शक्यतो हातही टाकू नका.

एका दोराचं. वर पोचलात तर पायवाटेनं उतरता येतं, म्हणून एक दोर चालतो असं वाटतं. पण तिसऱ्या पिचवरून माघार घ्यायची वेळ आली तर? 60 मीटरचा दोर दुहेरी केला की रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरायला, 30 मीटरच मिळतो, आणि पिच असतो 40-45 चा. दोन दोर न्या. आणि दोन्ही टोकांना गाठी मारल्याशिवाय रॅपल सुरू करू नका.

टिळकवाडीचा भूगोलवाला

अक्कांनी सगळं सांगितलंच आहे, दगडापुरती भर घालतो. आपल्याकडचा बसाल्ट बारीक कणांचा, तो सांध्यांवर तुटून पायऱ्या-पायऱ्यांचा होतो. म्हणून हाताला धरायला मिळतं, पण निसटतंही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे दाणे मोठे, पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत, म्हणून बूट धरतो. पाणी ओघळून काळे पट्टे पडलेले असतात तिथं शेवाळ-दगडफुलाचा थर असतो, कोरडे दिसले तरी ते टाळा. बदामी-गोकाककडचा दगड वालुकाश्म, त्याचं गणित निराळं. तो भिजला की कमजोर होतो. पावसानंतर लगेच तिथं जाऊ नका.

चिकोडीकर

उन्हाचं विसरू नका. तापलेल्या कातळावर रबर मऊ पडतं, सरकतं. आम्ही उजाडताच पहिला पिच सुरू करतो. आणि आग्या मोहोळ! खालून दुर्बिणीनं सगळी भिंत बघून मगच दोर सोडा. पोळं दिसलं तर रूट बदला, आरडाओरडा करू नका. रामनगरला जायचा विचार असेल तर रामदेवर बेट्टावर 2012 पासून गिधाडांचं अभयारण्य आहे, तिथल्या नियमांची आधी चौकशी करा.

आणखी एक. कातळाच्या फुगवट्यापलीकडं गेलात की हाक ऐकू येत नाही. दोराला किती झटके म्हणजे काय, हे खालीच ठरवून घ्या.

उद्यमबागचा फिटर

अक्का, चाकाचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. ज्या पापुद्र्यात मी शेवटचा फ्रेंड लावला होता तो घुमत होता. आवाज ऐकला होता, पण अर्थ कळला नव्हता. आणि त्याच्या खाली बिलेपर्यंत काहीच नव्हतं.

आता असं ठरवलंय. पावसाळ्याआधी लीड नाही. रविवारी यल्लूरच्या वाटेवर जमिनीवरच उभं राहून तीन पॉइंटांचा अँकर बांधायचा, सोडायचा, परत बांधायचा. जोडीदाराला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, तो दुसरा दोर घ्यायला निम्मे पैसे देतोय. नोव्हेंबरात परत त्याच पिचखाली उभा राहीन. तेव्हा अक्का, तुम्हाला यायला जमेल का? बिलेला तुम्ही असलात तर मी सेकंडच चढेन, पण तुमचे पाय जवळून बघायचे आहेत.

निपाणीची अक्का

येते. दिवाळीनंतरचा रविवार धरा. बूट धुऊन, तळवा कोरडा करून आणा.