जुन्या .२२ रायफलचं तोंड: खोलगट, सपाट की गोल?

जुनाखोड:
जुनी पॉइंट टू-टू सेमी-ऑटो आहे. मागून गज जायची सोयच नाही, म्हणून आधीच्या पिढीने वर्षानुवर्षं इमानेइतबारे तोंडाकडून पोलादी गज खुपसून साफ केली. आता तोंडाशी एका बाजूच्या, गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांची कड घासून गेलीय. कापसाचा बोळा आतून बाहेर ओढला की दोन जागी धागे अडकतात, म्हणजे बरही (धातूची बारीक कुसळं) आलीय. ५० मीटरवर पाच गोळ्या तळहातभर पसरतात.

नवा क्राऊन, म्हणजे नळीच्या तोंडाची घडवलेली कड, करायचाच आहे आणि माझं मत खोलगट क्राऊनला. महत्त्वाची कड आत दडून राहते. रायफल कुठे आपटली तर बाहेरची कडा मार खाते, आतली वाचते. टार्गेट रायफलींना तो उगाच नसतो. गोल क्राऊन दिसतो छान, पण पुढे काय?

लेथवाला:
साफ असहमत. सगळे आकारावर भांडतात. अहो, गोळी सुटताना तिचं बूड सगळ्यात शेवटी बाहेर पडतं. कडेची एक बाजू केसभर आधी मोकळी झाली तर वायू तिकडून निसटतो, बुडाला कलता धक्का देतो आणि गोळी डगमगत निघते. त्यामुळे कड बोअरशी (नळीच्या आतल्या भोकाशी) काटकोनात आणि सगळीकडे सारखी हवी. एवढं जमलं की सपाट, गोल, ११ अंश उताराचा, काहीही चालतं. त्या ११ अंशांत मंत्र बिंत्र काही नाही.

मी सपाटच करीन, वर कडेला बारीकसा चेंफर (तिरका छाट). डोळ्यांना दिसतो, बोटाला कळतो, पुसायलाही सोपा. खोलगटात गोळीवरचं मेण आणि शिशाची काजळी साचते ती वेगळीच.

पितळीस्क्रू:
लेथशिवाय जग चालत नाही असं लेथवाल्यांना वाटतं :) गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्याला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट, हातड्रिलवर सावकाश, मनगट गोल फिरवत. आधी नळीत चिंधीचा बोळा कोंबा, पेस्ट आत जाता कामा नये. जुन्या रायफलीचं मूळ गोल तोंड तसंच राहतं. जुन्या वस्तूला इतपतच हात लावावा.

लेथवाला:
स्क्रूने बर जाईल, कबूल. पण गजाने झालेली झीज तोंडापासून आत गेलेली असते आणि तुमचा स्क्रू झिजलेल्या कडेवरच बसणार. वाकड्यावर वाकडं.

जुनाखोड:
मग हाच मुद्दा माझ्या बाजूचा नाही का? झीज असेल तिथपर्यंत बोअरपेक्षा थोडं रुंद भोक पाडायचं आणि नवा क्राऊन आत, शाबूत खाचांवर करायचा. जुन्या लष्करी रायफली अशाच दुरुस्त व्हायच्या. नळीची लांबी तीच, पुढची माशी (नेम धरायचा खुंट) जागेवर. सपाट करायला नळी कापली तर माशी कुठे बसवू?

लेथवाला:
माशीचं खरं आहे. तो एक गुण दिला.

शंकासुर:
कापाकापीआधी दोन गोष्टी. एक, काही नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात. मऊ शिशाची गोळी गजाने हळूच ढकलून बघा; शेवटी घट्ट लागली तर आवळ आहे, आणि अचूकपणा बराचसा तिच्यातच असतो. ती कापलीत की गेली. दोन, पॉइंट टू-टू काडतुसांच्या बाबतीत फार नखरेल असते. तळहातभर पसारा क्राऊनमुळेच आहे हे ठरवलं कुणी? दुर्बिणीचे स्क्रू आवळा, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचं शिशाचं कडं काढा, तीन जातींची काडतुसं मारून बघा.

पितळीस्क्रू:
+१. आणि तोंडावरची काजळी बघा, खाचांमुळे ती चांदणीसारखी उमटते. चांदणीचे पाय सारखे असतील तर क्राऊन बहुधा ठीक आहे.

जुनाखोड:
चांदणी बघितली, डावीकडचे दोन पाय गायबच आहेत आणि घासलेली बाजूही डावीच. काडतुसं बदलून आधी मारतो, शिशाची गोळीही ढकलून बघतो, तुमचा मान राखून. पण शेवटी खोलगटच करणार. गज बंद, यापुढे दोरीचा पुल-थ्रू (चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी), तोही चेंबरकडून.

लेथवाला:
करा. फक्त कारागिराला विचारा, सेंटर कशावरून काढणार. नळीच्या बाहेरच्या व्यासावरून म्हणाला तर रायफल उचलून घरी आणा. भोक आणि बाहेरचा व्यास एकाच मध्यावर असतात असं नाही, जुन्या नळ्यांत तर बऱ्याचदा नसतातच. मध्य तपासायचा मोजणीचा डायल बोअरमध्येच लागला पाहिजे.